मिशीतला तीळ

संक्रांतीच्या सकाळी मृणालने तिळाचा लाडू नवऱ्यापुढे धरला.

"नको," हेमंत शांतपणे म्हणाला.

एक जानेवारीला दोघांनी दवाखान्यात जाऊन संकल्पाची लस टोचून घेतली होती. त्याने गोड सोडण्याची, तिने न चिडण्याची. लस टोचली की संकल्प मोडतच नाही.

पूर्वी दोघांचेही संकल्प जेमतेम संक्रांतीपर्यंत टिकायचे. हेमंत स्वयंपाकघरात चोरून लाडू खायचा, मिशीत अडकलेला तीळ चुगली करायचा आणि मृणाल घर डोक्यावर घ्यायची. मग भांडण मिटवायलाही लाडूच लागायचा.

यंदा डबा भरलेलाच राहिला. 'अरे मेल्या, एक तरी चोरून खा ना!' असं ओरडायला तिने तोंड उघडलं. पण शब्द आले ते अगदी गोड.

"बरं, राहू दे हं."