तिसरामजला

“उत्तर आलं नाही तर ‘आलं नाही’ असं सांगा. शिळं उत्तर ताजं म्हणून वाढू नका.”

‘तिसरामजला’ असं नाव घेतलेल्या कोणीतरी ऑनलाइन तक्रार म्हणून हे लिहिलं, तेव्हा ती एका हाताने लेकीला भरवत होती. कपाळाला आठी घालून तिने ते वाचलं आणि बाजूला सारलं.

एकटी राहणारी माणसं सकाळी उठली की एक बटण दाबायची आणि दूरच्या नातेवाइकाच्या फोनवर हिरवा ठिपका उमटायचा, अशी ती सेवा. ॲप बनवणारे त्या सेवेशी ज्या तयार कोडमधून बोलत, ती लायब्ररी हिने लिहिलेली. फुकट, सगळ्यांसाठी खुली, कोणीही उघडून बघावी अशी. मुळात लिहिली होती आईसाठी. आई दुसऱ्या गावी एकटी. एकट्या माणसाच्या बटणात ‘घर’ने सुरू होणारी किल्ली, म्हणजे गुप्त अक्षरांची खूण, आणि बघणाऱ्याच्या फोनमध्ये ‘बघ’ने सुरू होणारी; दोन्ही जुळल्या की ठिपका.

पण नेट लंगडलं की सेवेकडून रिकामं उत्तर यायचं आणि ठिपका लाल व्हायचा. लेकीला तसंच कडेवर घेऊन ती आईला फोनावर फोन लावायची, आणि आई बाजारात भाजी निवडत असायची. शेवटी तिने लायब्ररीतच सोय केली. रिकामं आलं, की मागचंच उत्तर पुढे करायचं. तिला शांत झोप लागू लागली. लायब्ररी वापरणाऱ्या बाकीच्यांनीही कौतुक केलं.

तिसरामजला तेवढा हटेना. “बटण दाबलं नाही तरी रिकामंच येतं. मी करून पाहिलंय. ठिपका हिरवाच. मग कोणी येणार कसं?” खाली पुरावा म्हणून सेवेला काय विचारलं, तिने काय दिलं, सगळं जसंच्या तसं चिकटवलेलं. किल्लीसकट.

किल्ली बघून तिचं डोकंच फिरलं. घराची किल्ली कोणी अशी चौकात टाकतं का? सुरुवातीची दोन अक्षरं ठेवून तिने बाकीची पुसली, जुन्या नोंदींतूनही तिचा मागमूस ठेवला नाही. मग लिहिलं, “एवढी काळजी वाटते तर तुमच्या माणसाला सरळ फोन लावा की,” आणि तक्रार बंद करून टाकली.

“तिसऱ्या मजल्याला खाली उतरवलंस वाटतं,” नवरा हसला. तीही हसली.

नंतर एकदा आईशी बोलताना सहज बटणाचा विषय निघाला.

“ते होय? कपाट हलवलं तेव्हापासून सापडतच नाहीये बघ. तुला सांगायचं राहूनच गेलं.”

फोनवर ठिपका हिरवागार होता.

“आई, अगं म्हणजे इतके दिवस...”

“इतके दिवस काय? मी ठणठणीत आहे. तुझा आवाज का असा झाला?”

कौतुक करणाऱ्या त्या सगळ्या अनोळखी लोकांचे ठिपके तिच्या डोळ्यांपुढे आले. किती जण तिच्या शब्दावर निवांत बसले असतील. लेक मांडीवर खेळत होती, तर तिच्याकडेही बघायची लाज वाटली.

त्याच दुपारी तिने लायब्ररी दुरुस्त करायला घेतली. उत्तर नाही म्हणजे नाही, स्पष्ट. आणि बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून लिहिलं, “तुमचं बरोबर होतं. मी नीट वाचलंसुद्धा नाही. माफ करा.”

एरवी लगेच उत्तर देणारा माणूस. आता चकार शब्द नाही.

“रुसला असेल,” नवरा म्हणाला. “तू काय कमी लागेल असं बोललीस?”

तिलाही ते पटलं. आपल्याशी असंच वागायला हवं, असं वाटलं. दोन शब्द खरमरीत सुनावले असते तरी मन हलकं झालं असतं. ती रोज बघत राहिली.

दुरुस्ती झाली, आता ती तपासायला एक खरं उदाहरण हवं होतं. तिसरामजलाने चिकटवलेलंच घ्यावं, तेवढेच त्याचे आभार, असं म्हणून तिने ते उतरवायला घेतलं. किल्लीपाशी तिचा हात थांबला. पुसलेल्या जागेआधी तिनेच ठेवलेली दोन अक्षरं होती. ती ‘बघ’ नव्हती. घर.

नव्या आवृत्तीत काय बदललं हे जिथे लिहितात, तिथे सगळ्यात वर तिने लिहिलं: “हे वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती. तुमचं कोणी तिसऱ्या मजल्यावर एकटं राहत असेल, तर ठिपका कसलाही असो, आज जिना चढून जा आणि दार वाजवा. कोणाचं माणूस आहे ते मला सांगता येत नाही. किल्ली मी पुसून टाकली.”