कालचं पाणी

पाणी तपासणाऱ्या बाईंनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून बाटली भरली, झाकण घट्ट लावलं आणि नाक मुरडलं. रात्रीच्या पावसानं तुंबलेला नाला थेट समुद्रात उतरला होता. किनाऱ्यावर मात्र हिरवा झेंडा दिमाखात फडकत होता, कारण काल तपासलेलं पाणी स्वच्छ निघालं होतं. जंतू वाढून दिसायला एक दिवस जातो, आणि अहवाल हातात पडल्याशिवाय झेंडा बदलायचा नाही असा नियम.

"साहेब, लाल लावा," बाई किनाऱ्याच्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "वास तुम्हालाही येतोय."

"वास कागदावर येत नाही, बाई. उद्या अहवाल आणा, उद्या लावतो." साहेब पँट दुमडून घोटाभर पाण्यात वारा खात उभे होते.

"उद्यापर्यंत ही घाण वाहून गेलेली असेल. मग तुम्ही स्वच्छ पाण्यावर लाल लावाल."

"मग परवा हिरवा लावू."

बाईंना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. दर पावसानंतर हेच गुऱ्हाळ.

तेवढ्यात "मावशी" अशी हाक आली. धाकट्या बहिणीची मुलगी नाल्याच्या तोंडाशीच डुबक्या मारत होती. बाईंनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

"ताई, अगं, झेंडा हिरवा आहे ना?" बहीण म्हणाली.

"तू आधी हिला नळाखाली धर."

शेजारी एक आई बाळाला पाण्यात खेळवत होती. तिनं हे पाहिलं. "पाणी खराब आहे का हो?"

साहेबांनी दुरूनच डोळे वटारले. अहवालाआधी तोंड उघडलं तर नोकरीवर गदा. बाळ ओंजळीतलं पाणी तोंडात घेऊन फुर्र करून उडवत होतं. आपली भाची तेवढी बाहेर काढली, याची बाईंना लाज वाटली. रागही आला, साहेबांचा, नियमाचा आणि त्या सावकाश वाढणाऱ्या जंतूंचाही.

"जेलीफिश!" त्या ओरडल्या. "पाण्यात जेलीफिश आल्यात, बाहेर या सगळे!"

बघता बघता पाणी रिकामं झालं. सगळ्यांच्या आधी साहेब पळाले, एक चप्पल पाण्यातच सोडून. धापा टाकत त्यांनी स्वतःच्या हातानं हिरवा झेंडा उतरवला आणि लाल चढवला.

"अहवाल नको?" बाईंनी विचारलं.

"अहवाल कसला मागता, बाई," साहेब खेकसले. "लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे."