घारीला भूल देताना

"अय्यो, मांजात अडकून पंख मोडलेली घार! कायमची निजव हिला आणि टेबल मोकळं कर, अम्मा," राघोत्तम सर म्हणाले. मद्रासच्या गिंडीतल्या त्या दवाखान्यात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

"उडेल ती, सर," डॉक्टर हेमावती म्हणाली.

तिनं पंखाखालची शीर शोधली आणि भुलीचं औषध अगदी सावकाश आत सोडलं. घाई केली तर पक्ष्याचा श्वासच थांबतो. हळूहळू घारीची मान कलली.

भूल चढली का, हे पायाचं बोट चिमटून पाहतात. सरांनी चिमट्यानं बोट दाबलं. घार हलली नाही. हेमावतीचा पाय मात्र चपलेत झटकन आखडला.

"काय गं?"

"काही नाही. पुन्हा दाबा, सर. जोरात."

घार निपचितच होती. हेमावतीच्या बोटातून कळ थेट मांडीपर्यंत गेली. तिनं खाली पाहिलं. नखाखाली रक्त साकळलं होतं.

तिनं मोडक्या पंखावरचं एक पीस उपटलं. तिच्या डाव्या दंडाला डंख बसला.

आता खरं सांगितलं, तर सर तिला घरी धाडणार आणि घारीला संपवणार.

"गाढ झोपली ना?" सरांनी विचारलं.

"गाढ."

सरांनी घारीला दोन्ही हातांनी धरलं. हेमावतीनं सुरी उचलली. पंख चिरून हाडात सळई बसवायची होती.

"सर, घारीला सोडा," ती म्हणाली. "मला धरा. आणि मी कितीही ओरडले तरी मला थांबवू नका."