हरिबाच्या ड्राइव्हची झीज

‘‘झिजतो, धोंडे! तुला म्हनून सांगतो, लय झिजतो.’’

धोंडुबाईनं पिशवीतून सीडी काढली मात्र, हरिबानं कॉम्प्युटरवर असा हात टाकला, जणू दावणीची म्हैसच कुणी सोडून न्यायला आलंय. बहीण मलकापूरहून एसटीनं आली होती. तिच्या लेकाचं, साईराजचं, लग्न ठरलं होतं. मामाला आवतण द्यायला आली, पाणी प्याली आणि तिनं ती तबकडी पुढं केली. वरची पेनची अक्षरं हरिबानं लांबूनच वाचली : ‘राजनंदिनीचं लग्न’.

सीडी घालायची सोय असलेला कॉम्प्युटर गावात आता त्याच्याचकडे उरला होता. घरोघरच्या ट्रंकांत लग्नाच्या सीड्या पडलेल्या. त्या मोबाइलात घेऊन द्या म्हणून माणसं यायची. पण हरिबा पलटणीतनं परतलेला गडी, थापेला कमी नाही. ‘‘कापी करताना तबकडी गरागरा फिरती. फिरतंय ते झिजतंय. जात्याला टाकी लावता येती, ह्याला काय लावू?’’ आणि वर लेहची गोष्ट : ‘‘आमच्या सायबानं इतक्या कापी काढल्या, इतक्या काढल्या, का ड्राइव्हचा झिजून पापड झाला. शेवटाला फुडनं घातलेली सीडी मागनं भिंतीत घुसली. आजून तिथंच हाय. कान लावला तर सनई ऐकू येती!’’

माणसं हसायची, पण सीडी परत न्यायची. एकाची केली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि हरिबाला धास्ती होती ती एकाच सीडीची. तिच्यापायी सगळ्या गावाला त्यानं झिजेची गोष्ट सांगितली होती. आज तीच घरात चालून आली होती.

त्याचं असं झालं होतं. धोंडुबाईच्या लेकीला मामाकडून सोन्याची अंगठी, असं हरिबानं राजनंदिनीच्या सुपारीत छाती ठोकून सांगितलं होतं. मग अंगठीच्या पैशांची मोटारसायकल झाली. लग्न जतला, नवरदेवाच्या गावी. आहेराची वेळ जवळ आली तसा हरिबानं डोक्यावरचा फेटा सोडला, पिशवीत कोंबला आणि मांडवाच्या दारात उभा राहून गरजला, ‘‘पोरीच्या मामाला फेटा न्हाई? जिथं मान न्हाई तिथलं पानी बी न्हाई!’’ रुसलेल्या मामाला अंगठी कोण विचारतो?

फेटे बांधले होते धोंडुबाईच्या नवऱ्यानं, जोतीरामनं. इतकी डोकी त्याच्या हाताखालून गेली होती की कुठलं राहिलं, हे त्याला तरी काय सांगता येणार! भरल्या मांडवात त्यानं मेव्हण्याचे पाय धरले. दाजीनं मेव्हण्याचे! तरी हरिबा माघारी फिरला नाही. त्या दिवसापासून भावकीत जोतीरामचं नाव पडलं ‘फेटाविसऱ्या’.

पण व्हिडिओवाला काही विसरला नव्हता. त्याचा कॅमेरा फेटे बांधणाऱ्या हातांसमोरच होता.

‘‘दादा, आरं ऐक तरी...’’

‘‘काय ऐकायचं? तुज्या एका कापीपायी मशीनचा जीव जाईल!’’

‘‘पोरं लय मागं लागल्यात. राजीची सीडी मोबाइलात घ्यायची, समद्या पावन्यास्नी धाडायची...’’

‘‘न्हाई म्हंजे न्हाई!’’ हरिबाचा आवाज चिरकला. कपाळाचा घाम त्यानं बाहीनं पुसला. ‘‘आन् जुनं बघून काय करायचंय? झालं ते झालं. तवा मी... दाजींचं मी कवाच सोडून दिलंय.’’

धोंडुबाई त्याच्याकडं बघत राहिली. लहानपणी भाकरी चोरून खाल्ल्यावर तो ताटाआड तोंड लपवायचा, तेव्हाही ती अशीच बघायची. मग तिनं त्याचा हात कॉम्प्युटरवरून अलगद उचलला आणि सीडी तळहातावर ठेवली.

‘‘कापी कर म्हनलं कुनी तुला?’’ ती म्हणाली. ‘‘म्या तवाच बघितलीया. मालकास्नी बी दावली न्हाई. पोरास्नी सांगितलंय, हरवली म्हनून. एवढी एकच हाय, ऱ्हाऊ दे तुज्यापाशी.’’

हरिबाच्या जिभेवरचं सगळं लेह विरघळून गेलं.

दारात चपला घालताना ती वळली.

‘‘आन् लग्नाला लवकर ये, दादा. ह्येनी फेटा घिऊन मांडवाच्या दारातच हुबं ऱ्हानार हायती. पयला तुलाच बांधायचा, आवंदा चूक व्हायला नगं, म्हनत्यात.’’