तिसाव्या पानावर नेवेना मरते

"तिसाव्या पानावर नायिकाच मेली," स्तामेनने संहिता टेबलावर आपटली. "मग मूळ मालिकेत नऊ भाग कोण फिरत होतं? हिचं भूत?"

बोरियानाबाई हसल्या नाहीत. त्या मालिका विभागाच्या प्रमुख. कोट त्यांनी अंगावरच ठेवला होता, कारण सोफियातल्या त्या वाहिनीच्या चौथ्या मजल्यावरचे हीटर पूर्ण हिवाळा बंदच होते. स्तामेन जुना दिग्दर्शक, सध्या स्वयंपाकाचा कार्यक्रम करणारा.

संहिता पारखणाऱ्या या समितीतली तिसरी इस्क्रा, सगळ्यांत लहान. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली, म्हणून विज्ञानातल्या चुका काढायला नेमलेली. 'दूरचं दीपगृह' तिने लहानपणी पुनःप्रसारणात पाहिली होती. शनीच्या एका चंद्रावरचं दीपगृह आणि वाट चुकलेल्या यानांना दिवा दाखवणारी एकटी नेवेना. इस्क्रा विज्ञानाकडे वळली ती तिच्यामुळे. आता मूळ लेखक ल्युबेन दोब्रेव यांनी त्याच मालिकेची पूर्वकथा लिहिली होती, आणि तिचा पहिला भाग समोर होता. त्यांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. ही मालिका त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहावी, एवढंच इस्क्राला हवं होतं.

"नियम माहीत आहे ना?" बाई म्हणाल्या. "तिघांत दोन मतं. पास झाली तर आपल्याकडे राहील, रांगेत लागेल. नापास झाली तर हक्क म्हाताऱ्याला परत. मग त्याने ती शेकोटीत घालावी नाहीतर डोक्यावर घेऊन नाचावं. मला दोन्ही सारखंच."

"मग घालू दे शेकोटीत! आठव्या पानावर शनी एका बाजूने उगवतो, बाराव्यावर भलत्याच. मूळ मालिकेत तो खिडकीत खिळ्याला टांगल्यासारखा होता. म्हाताऱ्याला स्वतःचंच काही आठवत नाहीये. नापास करणं म्हणजे त्याच्यावर उपकार."

सकाळी दारातच दोब्रेव आजोबा इस्क्राला भेटले होते. सोबत कुणी परदेशी पाहुणा होता. "पोरी, माझी कीव करू नकोस हं," ते धापा टाकत म्हणाले होते. "चूक दिसली की सरळ चूक म्हण." आणि डोळा मारून त्यांनी बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या खारीचा, अर्धा तुकडा तिच्या हातावर ठेवला होता. आजारी माणसं अशीच अवसान आणतात, असं तिला वाटलं होतं.

प्रयोगशाळेत तिला एक गोष्ट शिकवली होती. निरीक्षण विचित्र आलं की लगेच चूक म्हणायचं नाही. आधी कारण शोधायचं.

"मला वाटतं, ही चूक नाहीये," ती म्हणाली.

"झालं! भक्तमंडळी जागी झाली."

"शनीचा हायपेरियन नावाचा एक चंद्र आहे. तो नीट फिरतच नाही, गडगडतो. तिथे शनी कधी, कुठून उगवेल, काही सांगता येत नाही. या संहितेत आजोबांनी चंद्राचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे पहिलं दीपगृह हायपेरियनवर होतं. दिवा एका दिशेला ठरेना, म्हणून ते पुढे दुसऱ्या चंद्रावर हलवलं."

"बरं. आणि मेलेली बाई?"

"मूळ मालिकेत नेवेना काय खाते?"

स्तामेन बोटांवर भाग मोजू लागला.

"नऊ भागांत एक घास नाही. तिच्या खोलीत पलंगसुद्धा नाही."

"ती मालिका केली त्या वर्षी दुकानांत अंडी तरी कुठे होती," बाई पुटपुटल्या. कुणी लक्ष दिलं नाही.

"आजोबांनी ते तेव्हाच सुचवून ठेवलं होतं," इस्क्रा पुढे झुकून म्हणाली. "खरी नेवेना तिसाव्या पानावर मेली. आपण पाहिलं ते तिच्या चेहऱ्याचं यंत्र. दिवा लावायला माणूस उरला नाही म्हणून केलेलं."

खाली ट्राम खडखडत गेली. स्तामेनने संहिता जवळ ओढली, तिसावं पान काढलं आणि पुन्हा वाचलं.

"आयला," तो हळूच म्हणाला. "बघ, काटा आलाय अंगावर. आणि मी मूर्ख त्याला म्हातारचळ म्हणत होतो." त्याने मान डावी-उजवीकडे हलवली. बल्गेरियन पद्धतीचा होकार. "पास."

"पास," इस्क्रा म्हणाली.

बाईंनी पहिल्या पानावर शिक्का मारला आणि भिंतीजवळचं हिरवं कपाट उघडलं. आत वरपासून खालपर्यंत सुतळीने बांधलेल्या संहिता होत्या. खालच्या पिवळ्या पडल्या होत्या.

"बाई, चित्रीकरण कधी?"

"रांग आहे ना."

"या रांगेतलं शेवटचं काय केलं आपण?"

"बाळ, मी इथे आल्यापासून तरी काही नाही." त्यांनी गठ्ठा आत कोंबला आणि कपाटाला कुलूप लावलं.

इस्क्रा कुलपाकडे बघत बाहेर पडली. जिना उतरताना तिने स्वतःला समजावलं. निदान फेकून तर दिली नाही. रांग आहे म्हणजे कधीतरी नंबर लागेल. आजोबांना तेवढंच सांगायचं.

खालच्या कॅफेत ते खिडकीशी बसले होते. समोर सकाळचाच पाहुणा, आणि त्याच्या हातात टोपण काढलेलं पेन. तिला पाहताच म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"ये, ये पोरी! हे वॉर्सॉचे निर्माते. खरी संहिता यांच्याकडे केव्हाच दिलीय, सेटसुद्धा उभा आहे. फक्त हक्क माझ्याकडे परत यायचे राहिलेत." त्यांनी तिचा गार हात दोन्ही हातांत धरला. "सांग लवकर, नापास ना? शनी दोन बाजूंनी उगवला, नेवेनाला मारून टाकलं... याहून वाईट मी लिहायचं तरी कसं?"