बॉलशिवाय पळणारा

"इंद्रजितनं अख्ख्या सीझनमध्ये एक गोल मारला नाही! असला फॉरवर्ड काय चाटायचाय?" तालमीची फुटबॉल टीम निवडणारे आबा भडकले.

"आबा, तो उजवीकडनं बॉलशिवाय पळतो म्हणून समोरच्यांचे दोन बॅक त्याच्यामागं जातात. त्या मोकळ्या जागेत रणधीर गोल मारतोय," मी म्हणालो.

"पळायला घोडा आणू की!"

सगळे हसले. इंद्रजित खाली मान घालून बसला. आबांनी रणधीरलाच विचारलं, "याच्यावाचून चालंल?"

रणधीरला खरं ठाऊक होतं. पण पेठ त्यालाच खांद्यावर घेऊन नाचायची. तिथनं खाली कोण उतरतो? "चालंल की," तो म्हणाला.

इंद्रजितला काढलं. पुढच्याच मॅचला सगळे बॅक रणधीरला चिकटले, त्याला वळायलाही जागा मिळेना. आम्ही हरलो. पेठ पंचाला शिव्या घालत घरी गेली.