चोखून खायचे वेफर्स

कच्.

एवढासाच आवाज. स्वयंपाकघरात कात्रीनं काहीतरी कापल्याचा. भर दुपार, खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, घर चिडीचूप. तिच्या दोन्ही कानांवर हेडफोन होता, तरी तिला तो ऐकू आला. आईचे कान ते.

"मशीनखाली पाणी साचतंय, आलं लक्षात सर," ती मधाळ आवाजात म्हणाली. "तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफ करा हं."

तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण उठता येईना. कपडे धुण्याच्या मशीनच्या तक्रारी घरी बसून ऐकायची नोकरी. मागे भांडं पडल्याचा आवाज गेला तरी सुपरवायझरबाई गुण कापायच्या. तो गृहस्थ अकरा मिनिटं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला आणि ती दात आवळून गोड बोलत राहिली.

फोन संपला. पुढचा यायला फार तर पाच मिनिटं. तिनं हेडफोन ओरबाडून काढला.

ठमी फ्रिजच्या आडोशाला मांडी घालून बसली होती. सात वर्षांची. मांडीत वेफर्सचा पुडा, कोपऱ्यात नीट सरळ कापलेला. गाल फुगलेले, जबडा जागच्या जागी.

"तोंड उघड."

ठमीनं मान हलवली.

"उघड म्हणते ना!"

जिभेवर भिजून लगदा झालेला वेफर होता.

कालच दातांच्या डॉक्टरीणबाईंनी या तोंडात आरसा घालून पाहिलं होतं. खालच्या दोन दाढा शनिवारी काढायच्या. "पोरं वेफर कडाकडा चावून मोकळी होतात हो," त्या म्हणाल्या होत्या. "हिच्या दाढेत पीठ तासन् तास बसून राहतं. चोखते का ही?" आईनं नुसते खांदे उडवले होते. "घरात एक पुडा ठेवू नका. मागच्या पक्क्या दाढा आत्ता कुठे आल्यात, त्याही जातील. त्या गेल्या की पुन्हा नाहीत." घरी आल्या पावली तिनं फडताळ रिकामं केलं होतं. सगळे पुडे गोणीत कोंबून गोणी कचऱ्याच्या गाडीत.

"कुठून आला हा?"

ठमीनं लगदा गिळला. "बाबांनी दिला."

बाबा आतल्या खोलीत झोपला होता, रात्रपाळी करून आलेला. तिनं त्याच्या अंगावरची चादर खेचली.

"अगं, आग लागलीय का कुठे?"

"लागलीय! पोरीच्या दाढा काढायच्यात आणि तू पुडा आणून देतोस?"

तो उठून बसला. "सकाळपासून तिची भुणभुण चाललेली. तू फोनवर. मी झोपायचं कधी? एकच तर दिला."

"एकच! एकेक करूनच कीड लागली."

"माझ्यावर कशाला खापर फोडतेस? ही सवय मी लावली का?"

"मग काय मी लावली?"

नवरा डोळे चोळत भिंतीकडे बघत राहिला.

उत्तर दारातून आलं. शाळेत हात वर करून सांगावं तसं.

"बाबा, आईनंच शिकवलंय ना मला. ती फोनवर असली की वेफर खात गप्प बसायचं. पुडा फाडायचा नाही, कापायचा. फाडला की आवाज फोनमध्ये जातो. आणि वेफर चावायचा नाही, चोखायचा." मग आईकडे वळून, डोळे मोठे करून, "आई, आज मी एकदासुद्धा नाही चावला!"

शाबासकीची वाट बघत ती उभी राहिली.

आईचा हात वर गेला. पोरीवर पडला नाही. त्या हातानं तिनं पुडा हिसकावला, जमिनीवर आपटला आणि त्यावर पाय दिला. एकदा, दोनदा, दहादा. कडकड आवाज घरभर झाला. वेफर्सचा चुरा कॉटखाली गेला, नवऱ्याच्या चपलेत गेला. त्या घरात इतका आवाज कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

"बंद!" ती ओरडली. "आजपासून बंद म्हणजे बंद! पुन्हा या घरात पुडा दिसला तर याद राखा. दोघांनीही!"

ठमीनं दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरले होते. तिनं आवाज केलाच नव्हता.

"बास कर गं," नवरा हळूच म्हणाला. "घाबरली ती."

"मीही घाबरलेय," ती म्हणाली. "मला विचारतं कोण?"

बाहेरच्या खोलीत टिंग वाजलं. पुढचा फोन.

ती गेली. जाताना दार लावलं, पदराला हात पुसले, हेडफोन चढवला, घसा खाकरला. आणि तोच मधाळ आवाज निघाला, कुठे ठेवला होता कोण जाणे. "नमस्कार ताई. बोला, काय तक्रार आहे?"

पलीकडची बाई नमस्काराआधीच सुरू झाली होती. चौथ्यांदा फोन करतेय म्हणे, कुणी ऐकून घेत नाही म्हणे.

दार किलकिलं झालं. ठमी चवड्यांवर चालत आली आणि तिच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. आईचं बोट आपोआप ओठांवर गेलं. ठमीनं शहाण्यासारखी मान हलवली. मग हेडफोनची एक बाजू अलगद उचलली, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि माइकला अजिबात कळणार नाही इतक्या हळू विचारलं,

"आई, मग आता मी गप्प कसं बसायचं?"